निरंक

माझ्याजवळ तीनच आकडे:
दोन म्हणजे आहे, एक म्हणजे अर्धवट, शून्य म्हणजे नाही.
तेवढ्यावर देवगडचं हे तीस खाटांचं रुग्णालय
दुपारी चारच्या आत तोलायचं.

जांभ्याच्या पायऱ्या, बाजूला उतार. कठडा: एक.
कठडा आहे, पण खालचा खिळा सुटलाय
आणि वर कुणाची तरी लुंगी वाळतेय.
हात धुण्याची जागा: दोन. साबण: दोन.
साबणाचं वेष्टन अजून बेसिनखाली पडलेलं,
म्हणजे मी येणार हे कालच कळलं होतं.

लसींच्या फ्रिजवर तापमानाचा तक्ता.
सकाळी चार अंश, संध्याकाळी चार अंश,
रोज तीच शाई, तोच कल,
आणि उद्याची सकाळसुद्धा चार.
सिस्टर मोंडकरांनी तक्त्यावर हात ठेवला,
पाहुण्यांसमोर पोरानं भलतंच बोलू नये
म्हणून त्याच्या पाठीवर ठेवतात, तसा.

फुरशाच्या विषावरच्या कुप्या: अठरा, मुदतीत.
आंब्याचे दिवस, कलमांखाली वाळलेलं गवत,
"दिवसाआड एक तरी येतो," त्या म्हणाल्या.
दोन. मनापासून दोन.

सात नंबरला झाडावरून पडलेला नेपाळी गडी.
मांडीपर्यंत प्लास्टर, संमतीपत्र मराठीत,
खाली त्याचा अंगठा.
काय लिहिलंय, विचारलं, तर हसला.
हसण्याला रकाना नाही. शून्य.

नऊ नंबरचे खवणेकर आजोबा उशीवरून बघत होते.
"बाये, काय लिवतंस गो?
पंखो रातभर वाजता, ता लिव."
लिहिते, म्हटलं.

मग ती वही आली. अनुचित घटनांची.
जानेवारी: निरंक. फेब्रुवारी: निरंक.
मागे गेले, मागचं वर्ष, त्याच्या मागचं,
निरंक, निरंक, सुंदर वळणदार अक्षर.
कुणी घसरलं नाही, कुणाला भलती गोळी गेली नाही.
तीन वर्षं खाडीच्या मुखातून होडी काढणारा
म्हणेल का, एकदाही पाणी आत आलं नाही?

मी शून्य लिहिलं.
डॉक्टर म्हणाले, "मॅडम, काही घडलंच नाही म्हणून शून्य?"
घडलं नाही असं लिहिलंय म्हणून, म्हटलं.

चहा आला. कपबशा ठेवता ठेवता
गुणवंती आया, कुणाकडेच न बघता, म्हणाली,
"त्या दोन शेवंती होत्या ना, शिमग्यात."
एक तारामुंबरीची, एक मिठमुंबरीची,
दोघीही कोयंडे, शेजारशेजारच्या खाटा,
मनगटावर पट्टी एकीच्याही नाही.
इन्सुलिन एकीचं, सुई दुसरीच्या दंडाशी,
आणि ही फरशी पुसता पुसता ओरडली,
"ओ सिस्टर, ती मिठमुंबरीची!"

कुणी बोललं नाही.
बाहेर जेटीवर बर्फ फोडत होते, तो आवाज.

मी बारा वर्षं रात्रपाळी केलीय, चिपळूणला.
एकदा बाटलीवरचं नाव मी सकाळी वाचलं,
बाटली संपल्यावर.
तो माणूस आपल्या पायांनी घरी गेला.
त्या दिवशीच्या वहीत निरंक आहे.
अक्षर माझं.

हे मी त्यांना सांगितलं.
का सांगितलं, माहीत नाही. तपासणीत बसत नाही ते.

सिस्टर मोंडकरांनी वही ओढून घेतली.
पेनाचं टोपण दातांनी काढलं, बराच वेळ तोंडातच राहिलं.
मग विचारलं,
"तारीख आजची घालू, की त्या दिवसाची?"
त्या दिवसाची.
"आणि नाव? माझंच?"
नाव नको. कुठल्या खाटा, किती वाजता,
कुणी थांबवलं, ते लिहा.
"गुणवंतीचं लिहू?"
तिचं लिहा.

शून्य मी खोडलं नाही.
खोडता येत नाही, आणि आलं असतं तरी.

निघताना नऊ नंबरवरून हाक आली,
"पंखो लिवलंस मां?"
लिवलंय, म्हटलं. खोटं.
मग पायरीवर, त्या लुंगीच्या सावलीत बसले
आणि लिहिला.